‘विंडोज मारून द्या’ म्हणण्याआधी: जुन्या डेस्कटॉपची ऑपरेटिंग सिस्टीम बदलताना

सेलूच्या मोंढ्यात माझ्या मामांची आडत आहे. गादीच्या मागं, तिजोरीला खेटून, एक डेस्कटॉप २०१३ पासून बसलेला होता. आय-थ्री ३२२० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज ७. सकाळी शटर वर गेलं की मुनीमजी आधी कॉम्प्युटरचं बटण दाबायचे, मग झाडून घ्यायचे, पाणी शिंपडायचे, उदबत्ती लावायचे. तेवढ्यात कुठं स्क्रीनवर चिन्हं उमटायला लागायची. कोणाची तक्रार नव्हती. बँकेची वेबसाइट उघडेना, तेव्हा तक्रार सुरू झाली.

कारण साधं होतं. विंडोज ७ ची मुदत १४ जानेवारी २०२० ला संपली. २०२३ च्या सुरुवातीला क्रोमनंही विंडोज ७ आणि ८.१ ला रामराम केला. १०९ ही त्यांच्यासाठीची शेवटची आवृत्ती. ब्राउझर जुना राहिला की एकेक साइट दार लावून घेते. आधी बँक, मग सरकारी पोर्टल.

मामा म्हणाले, “चालायलंय की अजून. त्याला काय धाड भरली? तू नुसतं विंडोज मारून दे.”

‘विंडोज मारणे’ हा आपल्याकडचा रामबाण उपाय. पोरगा येतो, पेनड्राइव्ह लावतो, चहा होईस्तोवर काम उरकतो. चहा संपल्यावर कळतं की प्रिंटर चालत नाही, श्री-लिपीतलं लेटरहेड उघडत नाही आणि टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स गेलंय. नवी सिस्टीम टाकायला खरोखर अर्धा तास पुरतो. त्याआधीच्या तयारीला मला दोन रविवार लागले. हा लेख बराचसा त्या दोन रविवारांचा आहे.

मशीनची कुंडली

‘कॉम्प्युटर’च्या चिन्हावर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. प्रोसेसरचं नाव, रॅम आणि सिस्टीम टाइप या तीन ओळी कागदावर उतरवा. कागदावरच, कारण थोड्या वेळानं हे मशीन बंद असेल.

इंटेलच्या कोअर मालिकेत आकड्यावरून पिढी कळते. चार आकडी नंबर असेल तर पहिला आकडा म्हणजे पिढी: ३२२० तिसरी, ८१०० आठवी. १०१०० सारखा पाच आकडी असेल तर पहिले दोन, म्हणजे दहावी. नावात ‘कोअर टू ड्युओ’ असेल तर ते या मोजणीच्याही आधीचं.

सिस्टीम टाइपपुढं ३२-बिट दिसलं म्हणून हिरमुसू नका. ती विंडोजची जात आहे, प्रोसेसरची असेलच असं नाही. त्या काळी ६४-बिट प्रोसेसरवर सर्रास ३२-बिट विंडोज टाकून द्यायचे. कोअर टू ड्युओपासून पुढचे सगळे कोअर आय प्रोसेसर ६४-बिट आहेत. फक्त ३२ वरून ६४ वर ‘अपग्रेड’चं बटण दाबून जाता येत नाही, कोरी पाटीच करावी लागते.

यानंतरची यादी महत्त्वाची, आणि ती मशीन सांगत नाही, माणसं सांगतात. या कॉम्प्युटरवर रोज काय काय होतं? मी मुनीमजींना विचारलं तर म्हणाले, “टॅली आन् इंटरनेट.” मग दिवसभर शेजारी बसलो. टॅली होतीच. शिवाय बाजारभाव बघणं, शेतकऱ्यांचे सातबारे काढणं, बँक, ई-मेल, लेटरहेडवर मराठी पत्रं, एका लेझर प्रिंटरवर आणि एका डॉट मॅट्रिक्सवर छपाई, वर्षातून काही वेळा डिजिटल सहीचं टोकन. एकूण आठ कामं निघाली. सांगितली होती दोन.

कोणती सिस्टीम

इथं माझं मत स्पष्ट आहे, पटलं तर घ्या.

प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा नंतरचा असेल, एएमडीत साधारणपणे रायझन २००० मालिका किंवा पुढचा, तर विंडोज ११ घ्या आणि पुढचं बरंचसं वाचायची गरज नाही. किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारा भाग) आणि सिक्युअर बूट (चालू होताना सिस्टीम तपासणारी सोय) लागतं. पुष्कळ मशिनांत टीपीएम असतं पण बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या बोर्डवर ते ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या बोर्डवर ‘एफटीपीएम’ नावानं सापडतं. ते चालू करा आणि मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ चालवून बघा.

त्याआधीच्या मशिनांवर रूफस हे पेनड्राइव्ह बनवायचं साधन वापरून ही तपासणी चुकवता येते. यूट्यूबवर ढिगानं व्हिडिओ आहेत. हौस म्हणून घरच्या मशीनवर करा. जिथं दुसऱ्यांच्या पैशांचा हिशोब आहे तिथं मी करणार नाही, कारण अशा मशीनला अपडेट मिळत राहतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. शिवाय विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ या सूचना असाव्याच लागतात, त्यामुळे कोअर टू ड्युओवर ती सुरूच होत नाही.

विंडोज १० म्हणावी तर तिची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. घरगुती ग्राहकांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. ज्यांच्याकडं आधीपासून २२एच२ आवृत्ती चालू आहे त्यांना श्वास घ्यायला ती बरी. पण विंडोज ७ वरून आज मुद्दाम १० वर जाणं म्हणजे सुटायला आलेल्या गाडीत सामान चढवणं.

राहिलं लिनक्स, विंडोजऐवजी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम. जुन्या मशीनसाठी मी लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती सुचवतो. २ जीबी रॅमवर ती चालते, ४ वर सुखानं चालते. खालची पट्टी, मेन्यू, घड्याळ सगळं विंडोज ७ च्या माणसाला ओळखीचं वाटेल अशाच जागी. पैसे लागत नाहीत, आणि २२ या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत. ६४-बिट प्रोसेसर मात्र हवा.

आता अडचण. टॅली विंडोजसाठी आहे. लिनक्सवर ‘वाइन’ या विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या साधनातून ती उघडून दाखवणारे लोक आहेत, पण उघडणं वेगळं आणि ३१ मार्चच्या रात्री विश्वासानं चालणं वेगळं. डिजिटल सहीचं टोकन, अंगठ्याचं यंत्र यांचंही तेच. त्यामुळे आम्ही कामं वाटून टाकली. टॅली आणि टोकनसाठी आठव्या पिढीचं एक रिफर्बिश्ड मशीन घेतलं. कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेली अशी मशिनं आमच्याकडं पुण्याहून आणि हैदराबादहून येतात. जुन्यावर मिंट टाकून ते बाकीच्या सहा कामांना ठेवलं. तुमच्याकडं टॅली नसेल तर हा खर्चच नाही.

डी ड्राइव्हचा भ्रम

आपल्याकडं एक समज पक्का आहे: “फॉरमॅट सी ड्राइव्हच होतो, डी ला हात लागत नाही.” म्हणून लग्नाचे फोटो, हिशोब, पोरांच्या मार्कमेमो सगळं डी मध्ये. सी आणि डी एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. नवी सिस्टीम टाकताना ‘डिस्क पुसा’ म्हटलं की दोन्ही कप्पे जातात. आमच्याच गल्लीत एका घरचा दहा वर्षांचा फोटोसंग्रह असाच गेला. टाकणाऱ्या पोराला डी नावाचं काही आहे हे दिसलंसुद्धा नाही, कारण लिनक्सच्या पडद्यावर सी-डी अशी नावंच नसतात.

काय काय उचलायचं? डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स तर झालेच. विसरतात ते सांगतो.

टॅलीचा डेटा फोल्डर. आत १०००० सारख्या पाच आकडी नावांचे फोल्डर दिसतात, प्रत्येक म्हणजे एक कंपनी. पूर्ण फोल्डर उचला, शिवाय टॅलीतूनच रीतसर बॅकअप घ्या. आणि मशीन पुसायच्या आधी लायसन्स सरेंडर करा. हे राहिलं तर नव्या मशीनवर चालू करताना फोनाफोनी ठरलेली.

मराठी फॉन्ट. कंट्रोल पॅनेलमधला फॉन्ट्सचा अख्खा फोल्डर कॉपी करा. श्री-लिपी, कृतिदेव, किरण यांत टाइप केलेली जुनी पत्रं त्या फॉन्टशिवाय उघडली की आतून नुसती खिचडी निघते. लेटरहेड, करारनामे, लग्नपत्रिकेचे मजकूर यांची पीडीएफ जुन्या मशीनवरच करून ठेवा. फॉन्ट नंतर सापडला नाही तरी मजकूर वाचता येईल.

ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्ड. क्रोम गुगल खात्याला जोडलेलं असेल तर चिंता नाही. नसेल तर निर्यात करून घ्या, पण पासवर्डची ती फाइल कोणालाही उघडून वाचता येते. काम झालं की पुसून टाका.

बॅकअप घेतला म्हणजे घेतला असं नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून दोन-चार फाइली उघडून बघा. मी बघितल्या, तेव्हा टॅलीचा चालू वर्षाचा फोल्डर अर्धाच कॉपी झालेला निघाला, कारण कॉपी करताना मुनीमजींची टॅली उघडीच होती.

आणि आता माझी खरी युक्ती. एक २४० किंवा २५६ जीबीची साटा एसएसडी घ्या (एसएसडी म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, साटा म्हणजे ती जोडायची पद्धत). जुनी हार्ड डिस्क पुसूच नका. तिची केबल काढा, नवी सिस्टीम कोऱ्या एसएसडीवर टाका. काही बिघडलं तर जुनी केबल परत जोडली की विंडोज ७ जशीच्या तशी हजर. चुकायची भीतीच उरत नाही. वेगाचं म्हणाल तर जुन्या मशीनचा जीव डिस्कमध्येच अडकलेला असतो. मामांच्या एच६१ बोर्डवर साटाचा वेग जुन्या पिढीचा, सेकंदाला ३ गिगाबिटवाला, तरी मिंट मिनिटाच्या आत उघडतं. मुनीमजींना आता झाडून व्हायच्या आधी पासवर्ड टाकायला यावं लागतं, हे त्यांना फारसं आवडलेलं नाही.

डबा उघडून

प्लग काढा. प्लग काढल्यावर पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाईल. डाव्या बाजूचा पत्रा मागच्या दोन स्क्रूंवर असतो.

मोंढ्यातल्या डब्यात काय निघालं ते सांगतो: कापसाचं तूस, तुरीची फोलं आणि प्रोसेसरच्या पंख्यावर गोधडीसारखा धुळीचा एक थर. तो चिमटीत धरून सबंध उचलला, फाटला नाही. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो. अशा गोधडीखाली प्रोसेसर तापून आपला वेग स्वतःच कमी करतो आणि आपण म्हणतो विंडोज स्लो झाली.

ब्लोअरनं हवा मारताना पंख्याची पाती काडीनं किंवा पेननं अडवून धरा. मोकळा सोडला तर पंखा भन्नाट फिरतो आणि बेअरिंग जातं. ओलं फडकं नको. रॅमच्या पट्ट्या दोन्ही बाजूंचे खटके दाबून काढा, पिवळ्या पिना साध्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसा, रबराचा चुरा झटका आणि खटका ‘टक्’ वाजेपर्यंत परत बसवा. चालू केल्यावर बीप-बीप ऐकू आली तर नव्वद टक्के वेळा रॅम नीट बसलेली नसते. हा माझा अनुभव, शास्त्र नाही.

बोर्डवरचा गोल सेल बदला. सीआर २०३२, तीन व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तो मेलेला असेल तर प्रत्येक वेळी तारीख मागं जाते आणि तारीख चुकली की ब्राउझर सगळ्याच साइट असुरक्षित म्हणून अडवतो. निम्म्या ‘इंटरनेट चालत नाही’ तक्रारींचं मूळ मी या सेलात पाहिलंय.

एसएसडी अडीच इंची असते आणि जुन्या डब्यात साडेतीन इंची खण. पट्टी मिळाली तर ठीक, नाहीतर दुहेरी चिकटपट्टीनं तळाला चिकटवली तरी चालतं, तिच्यात फिरणारं काही नाही. साटाची डेटा केबल वेगळी मागून घ्या, एसएसडीच्या खोक्यात सहसा ती नसते. एसएमपीएसला (वीज पुरवणाऱ्या डब्याला) साटाची पॉवर पिन शिल्लक नसेल तर कन्व्हर्टर मिळतो.

रॅम ४ ची ८ करता आली तर करा. मामांच्या मशीनला डीडीआर३ लागते, ती जुन्या बाजारात मिळते. जी३१ चिपसेटच्या, म्हणजे कोअर टू ड्युओच्या काळातल्या बोर्डला मात्र डीडीआर२ लागते आणि ४ जीबीच्या वर तो घेतच नाही. त्याच्यावर फार पैसे घालू नका.

पेनड्राइव्ह

८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे. मिंटची आयएसओ फाइल (अख्खी सिस्टीम एका फाइलीत) जवळपास ३ जीबीची. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरवणार असाल तर रोजचा दीड-दोन जीबीचा कोटा मधेच संपतो. मग रात्री बारा वाजायची वाट बघा, किंवा फायबर असलेल्या मित्राकडं पेनड्राइव्ह घेऊन जा. मी दुसरं केलं, चहाही मिळाला.

फाइल मिंटच्या अधिकृत साइटवरूनच घ्या आणि तिचा चेकसम (फाइलीचा ठसा असलेला आकडा) जुळवा. सेव्हन-झिप बसवलेलं असेल तर फाइलवर उजवं क्लिक केल्यावर एसएचए-२५६ प्रकारचा चेकसम काढता येतो. तो साइटवर दिलेल्या आकड्याशी जुळला पाहिजे. पहिली-शेवटची आठ अक्षरं जुळली तरी मी समाधान मानतो. तुटक नेटवर उतरवलेली फाइल अर्धवट असते आणि इन्स्टॉल ८० टक्क्यांवर अडकतं, तेव्हा या दोन मिनिटांची किंमत कळते.

पेनड्राइव्ह बनवायला रूफस. त्याच्या ४.० पासूनच्या आवृत्त्या विंडोज ७ वर चालत नाहीत, म्हणून विंडोज १० किंवा ११ असलेल्या मशीनवर बनवा. जुन्या बायोसच्या मशीनसाठी पार्टिशन स्कीम ‘एमबीआर’ ठेवा. बाकी काही बदलू नका. ‘आयएसओ इमेज मोड’ विचारेल, तो घ्या.

बायोसशी गाठ

चालू करताच डिलीट किंवा एफ२ दाबत राहा, बायोस उघडतो. नुसता बूट मेन्यू हवा असेल तर बहुतेक ठिकाणी एफ१२, काहींना एफ११, एफ८ किंवा एफ९. कीबोर्ड दाद देत नसेल तर तो निळ्या पोर्टातून काढून मागच्या काळ्या पोर्टात लावा. बायोसला निळे यूएसबी ३ पोर्ट कधीकधी दिसत नाहीत. पेनड्राइव्हही मागंच लावा; पुढच्या पोर्टांच्या वायरी ढिल्या असतात.

आत एकच गोष्ट बघायची: साटा मोड, म्हणजे बोर्ड डिस्कशी कसा बोलतो ते. ‘आयडीई’ असेल तर ‘एएचसीआय’ करा. एसएसडीला तोच हवा. मात्र जुनी विंडोज आयडीईवर टाकलेली असेल तर ती या बदलानंतर निळा पडदा दाखवेल. घाबरू नका, मोड परत फिरवला की ती सुरू होते. हे कागदावर लिहून ठेवा, मागं फिरायची वेळ आली तर लागेल. बायोस अपडेट वगैरेच्या नादी लागू नका. अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड कायमचा झोपू शकतो.

लाइटचं निघालं म्हणून. इन्स्टॉल करायचा दिवस वायरमनला विचारून ठरवा. हे हसण्यावारी नेऊ नका. मी दुरुस्तीचा दिवस कोणता ते विचारलं, तो म्हणाला, “शुक्रवार सोडून कधीबी टाका.” यूपीएसची बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर तिच्या भरवशावर बसू नका. प्लग काढून पडद्यासकट किती मिनिटं टिकते ते आधी मोजा. आमची चाळीस सेकंद टिकली.

टाकताना

पेनड्राइव्हवरून सुरू केलं की मिंट आधी न टाकताच चालून दाखवतं. हा लाइव्ह भाग घाईनं उरकू नका. आवाज येतो का, पडदा पूर्ण भरतो का, माउस-कीबोर्ड ठीक आहे का, ते बघा. पडदा काळाच राहिला तर परत सुरू करून मेन्यूतला ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ निवडा. जुन्या डेस्कटॉपला वायफाय नसतं. फोन केबलनं जोडा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. मिंट त्याला वायरचं नेट समजतं, ड्रायव्हर लागत नाही.

मग डेस्कटॉपवरचं ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’. भाषेच्या यादीत मराठी आहे. मोह होतो, पण मी इंग्रजीच ठेवतो. अडलं तर नेटवर शोधायला इंग्रजी शब्द समोर असलेले बरे. मराठी लिहिणं नंतर जोडता येतंच. ‘मल्टिमीडिया कोडेक्स’ची चौकट टिक करा, नाहीतर कीर्तनाचे व्हिडिओ मुके निघतील.

पुढचा पडदा विचारतो, कुठं टाकू? ‘इरेज डिस्क’ हा पर्याय जुनी डिस्क काढून ठेवलेली असेल तरच निवडा. पुढं जायच्या आधी डिस्कचा आकार वाचा. २४० च्या आसपास दिसला तर एसएसडी. ५०० दिसला तर हात मागं घ्या, डबा उघडा, केबल बघा. मी स्वतः केबल काढली होती, तरी तो आकडा दोनदा वाचला.

वेळेचा पट्टा कोलकाता. नाव, पासवर्ड. पासवर्ड मुनीमजींच्या लक्षात राहील असा पण भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिणार नाहीत असा ठेवायचा होता. ही अट पूर्ण करायला इन्स्टॉलपेक्षा जास्त वेळ गेला. एसएसडीवर वीसेक मिनिटांत काम होतं. शेवटी पेनड्राइव्ह काढून एंटर दाबायला सांगतं.

पहिल्या दिवशीची कामं

अपडेट मॅनेजर उघडून सगळे अपडेट घ्या, शक्य तर फायबरवर. मग टाइमशिफ्टमध्ये एक स्नॅपशॉट काढा. उद्या कोणी काही बिघडवलं तर सिस्टीम त्या दिवसावर परत नेता येते. तुमच्या फाइली मात्र त्यात धरलेल्या नसतात.

मराठीसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट जोडा. इन्स्क्रिप्ट येत असेल तर ‘मराठी, एनहान्स्ड इन्स्क्रिप्ट’, उच्चाराप्रमाणे लिहायचं असेल तर ‘मराठी, कगप, फोनेटिक’. रेमिंग्टनवर हात बसलेल्यांनी आयबस ही टाइप करायची सोय आणि तिचं एम१७एन हे जोडकाम टाकून बघावं. जुने ट्रूटाइप फॉन्ट होम फोल्डरमध्ये ‘डॉट फॉन्ट्स’ नावाचा फोल्डर करून त्यात टाकले की लिब्रे ऑफिसमध्ये जुनी पत्रं दिसायला लागतात. नवं काही त्या फॉन्टमध्ये लिहू नका. युनिकोडमध्येच लिहा.

प्रिंटरवर एक संध्याकाळ राखून ठेवा. डॉट मॅट्रिक्सची मला धास्ती होती, तो ‘एप्सन ९-पिन’च्या साध्या ड्रायव्हरवर लगेच खडखडायला लागला. लेझरवाल्यांचं वेगळं. आपल्याकडं घरोघरी असलेल्या एचपी लेझरजेट १०२० ला एचपी-लिप या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरमधून वेगळं प्लगइन उतरवावं लागतं, कारण त्याचं फर्मवेअर (प्रिंटरच्या आतला प्रोग्रॅम) दर वेळी कॉम्प्युटरकडून जातं. कॅनन एलबीपी २९०० ला कॅप्ट नावाचा ड्रायव्हर लागतो आणि त्याची मांडणी नवख्याला जड जाते. तुमच्याकडं तो असेल तर सरळ विंडोजच्या मशीनला जोडा आणि नेटवर्कवरून छापा. आम्ही तेच केलं.

जुनी डिस्क परत जोडली तेव्हा

आठवडाभर सगळं सुरळीत चाललं म्हणून जुन्या फाइली घ्यायला मी जुनी डिस्क परत जोडली, डबा बंद केला आणि परभणीला निघून आलो. सकाळी मामांचा फोन.

“आरं, तुझं ते नवं कुठं गेलं? विंडोज सातच आलंय परत.”

दोन डिस्क दिसल्यावर बायोसनं जुनीला पहिला मान दिला होता. उपाय दोन मिनिटांचा: बायोसमध्ये बूट प्रायॉरिटीत एसएसडी वर घ्यायची. काही बायोसमध्ये ‘हार्ड डिस्क ड्राइव्ह्ज’ नावाची दुसरी यादी असते, आधी त्यात क्रम लावावा लागतो, मगच पहिल्या यादीत एसएसडी दिसते. हे मी मामांना फोनवर समजावत बसलो आणि मुनीमजींनी तोवर दोन सातबारे विंडोज ७ वरून काढायचा प्रयत्न करून बघितला. उघडले नाहीत.

फाइली घेऊन झाल्यावर ती डिस्क मी काढून टाकली. अशी डिस्क भंगारात द्यायची असेल तर नुसतं डिलीट करून देऊ नका, मागचं सगळं परत काढता येतं. मिंटच्या ‘डिस्क्स’ या साधनात फॉरमॅट करताना शून्यांनी पुसायचा पर्याय आहे. ५०० जीबीला काही तास लागतात. पुसताना डिस्कचं नाव आणि आकार परत एकदा वाचा.

मामांनी ती पुसू दिलेली नाही. तिजोरीत, २०१३ च्या खातेवहीवर ठेवलीय, जुन्या उपरण्यात गुंडाळून. वर माझ्या हातची चिठ्ठी आहे: ‘विंडोज ७. साटा मोड एएचसीआय. पुसू नये.’